शब्दचर्चा : ‘एकसर’ प्रोग्रॅम, ‘समांतर’ संगणक

प्रश्न : पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मी मराठीत टिपणे लिहीत आहे. फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत पूर्वी लिहिलेले, एका प्रोसेसरवर एकामागून एक पायऱ्या उरकणारे वैज्ञानिक प्रोग्रॅम बदलून ते अनेक प्रोसेसरांवर कार्यक्षमतेने कसे चालवावेत, हा त्यांचा विषय आहे. ‘अनुक्रमिक’ आणि ‘समांतर’ ही जोडी मी योजली आहे. परंतु समांतर रेषा कधीच भेटत नाहीत आणि या प्रोसेसरांना तर वारंवार भेटावे लागते. मग ‘समांतर’ हा शब्द दिशाभूल करणारा नाही का?

प्रतिसाद : आपली शंका रास्त आहे, पण ती ‘समांतर’चा भूमितीतला अर्थ धरल्यामुळे उद्भवते. हाच शब्द आपण शाळेत विजेच्या परिपथातही शिकतो आणि तिथे त्याची जोडी ‘एकसर’शी असते : एकसर जोडणी आणि समांतर जोडणी. समांतर जोडणीत धारा एका बिंदूपाशी फुटते, निरनिराळ्या शाखांतून वाहते आणि पुढच्या बिंदूपाशी पुन्हा एक होते. 1997 साली फोरट्रानसाठी आलेल्या ओपनएमपी या समांतर प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीची रचनाही अशीच आहे : एक मुख्य प्रवाह, लूपपाशी (म्हणजे त्याच पायऱ्या पुनःपुन्हा करणाऱ्या भागापाशी) त्याचे आठ-सोळा फाटे, आणि लूप संपताच सगळे फाटे पुन्हा एकत्र. म्हणून ‘समांतर’ निर्धास्तपणे ठेवावा, मात्र तो परिपथातून आला आहे हे पहिल्याच पानावर सांगावे.

याच न्यायाने ‘अनुक्रमिक’ऐवजी मी ‘एकसर’ सुचवीन. मोत्यांच्या सरात एकामागे एक ओवलेले मणी डोळ्यांपुढे येतात आणि मुलांना शब्द आधीच ठाऊक असतो. ‘क्रमिक’ मात्र टाळावा; तो वाचताच क्रमिक पुस्तक आठवते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ‘क्रम’ या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. प्रोग्रॅम लिहिताना ओळी कुठल्यातरी क्रमाने लिहाव्याच लागतात, तो झाला लेखनक्रम. आणि एका पायरीचे उत्तर दुसरीला लागते म्हणून जो क्रम पाळावाच लागतो, त्याला ‘अवलंबन’ म्हणावे. जुना प्रोग्रॅम समांतर करणे म्हणजे लेखनक्रम सोडणे आणि अवलंबन जपणे. कठीण काम आहे ते या दोहोंना वेगळे ओळखण्याचे.

एक उदाहरण जवळून पाहू. तापलेल्या पत्र्यावर चौकटी आखल्या आहेत आणि प्रत्येक चौकटीचे नवे तापमान म्हणजे तिच्या चार शेजाऱ्यांची सरासरी, असे गणित पुनःपुन्हा करायचे आहे. जुने प्रोग्रॅम नवी किंमत जुनीच्याच जागी लिहीत जातात, त्यामुळे पाचव्या चौकटीशी येईपर्यंत तिचा डावा शेजारी बदललेला असतो आणि उजवा अजून जुनाच असतो. हे खरे अवलंबन आहे. लूप तसाच वाटून दिला तर कोणाच्या हाती कुठली किंमत लागेल याचा नेम राहत नाही. पण बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी काळ्या-पांढऱ्या रंगवल्या, तर काळीचे चारही शेजारी पांढरे असतात. मग सर्व काळ्या चौकटी एकाच वेळी मोजता येतात, त्यानंतर सर्व पांढऱ्या. मधल्या फेऱ्यांतले आकडे पूर्वीपेक्षा वेगळे येतात, तरी तापमाने स्थिरावली की उत्तर तेच मिळते.

उपप्रश्न : ज्या लूपच्या फेऱ्या कशाही क्रमाने केल्या तरी चालतात, त्या लूपला काय म्हणावे? ‘स्वतंत्र’ फार मोघम वाटते.

प्रतिसाद : ‘क्रमनिरपेक्ष’ म्हणावे. बेरीज आणि गुणाकार क्रमनिरपेक्ष असतात हे आपण शालेय गणितातच शिकलो आहोत. इथे एक सावधगिरीची टीप मात्र जरूर द्यावी. 32 बिटांच्या अपूर्णांकी संख्येत 1 कोटीमध्ये 0.4 मिळवले, तर ते पूर्णांकन होऊन नाहीसे होते; असे दहादा केले तरी उत्तर 1 कोटीच राहते. तेच दहा 0.4 आधी आपसांत मिळवले तर 4 होतात आणि अखेरीस 1,00,00,004 मिळतात. म्हणजे साहचर्याचा गुणधर्म (कोणत्या संख्या आधी मिळवल्या याने बेरीज न बदलणे) कागदावर खरा असला तरी यंत्रात पूर्णपणे टिकत नाही. समांतर केलेल्या बेरजेचे शेवटचे अंक बदलले की नवखा माणूस आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. माझेही कित्येक दिवस त्यात गेले आहेत.

‘कार्यक्षमतेने’ या शब्दाशेजारी संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 साली मांडलेला हिशोब द्यावा. कामाचा दहावा हिस्सा एकसर राहिला, तर 16 प्रोसेसरांवर वेग 6.4 पटच वाढतो, आणि प्रोसेसर कितीही जोडले तरी तो 10 पटींच्या पलीकडे जात नाही.

शेवटी, विदा (म्हणजे डेटा) वाटून देण्याविषयी. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने 1991 साली उभारलेल्या परम 8000 या महासंगणकात ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर होते. प्रत्येकाची स्मृती वेगळी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. अशा यंत्रावर आधी विदाच तुकड्यांत वाटावी लागते. त्या तुकड्याला आपण आपल्या टिपणांत ‘उपक्षेत्र’ म्हटले आहे, ते अचूक आहे. पण खुरपणीला बसलेल्या बायका जी ‘पात’ धरतात, तो शब्द मला अधिक जिवंत वाटतो. प्रत्येकीची पात ठरलेली असते, आणि एकीच्या पातीत तण कमी असले तर ती लवकर उरकून बांधावर थांबते. कामाची वाटणी असमान असली की प्रोसेसरही असाच थांबतो. शेजारच्या तुकड्याची जी कडेची ओळ प्रत्येकाला स्वतःजवळ उतरवून ठेवावी लागते आणि दर फेरीनंतर ताजी करावी लागते, तिला मी माझ्या टिपणांत ‘बांधओळ’ म्हणतो. विद्यार्थ्यांना ती व्याख्या न सांगताही कळते, असा माझा अनुभव आहे.