"काही करत नाही हो तो!" हे वाक्य आपण कुत्रेवाल्यांनी बंद करायला हवं का?

उपवनकाठ

ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला आमची सोसायटी. घरी सात वर्षांचा मुलगा आहे आणि चिंगी नावाची सहा वर्षांची देशी कुत्री. मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये जे घडलं ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

चौथ्या मजल्यावरच्या आजी आणि त्यांची पाच वर्षांची नात लिफ्टमध्ये शिरल्या. चिंगीला बघून आजी मागे सरकल्या. मी सवयीने म्हणाले, "काही करत नाही हो ती." ते ऐकून पोरीने सरळ चिंगीच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. चिंगीने तोंड फिरवलं. मग जांभई दिली. मग ओठांवरून जीभ फिरवली, दोनदा. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी काहीच केलं नाही. मग ती गुरगुरली. मी पट्टा ओढला, मजला आला, सगळे उतरले.

चावली नाही. पण तेव्हापासून ती मुलगी आजीचा हात धरून चार मजले जिन्याने चढते, आणि आजींचे गुडघे दुखतात हे मला चांगलं माहीत आहे.

त्या एका वाक्याने मी आजींची भीती खोटी ठरवली आणि नातीला परवानगी देऊन टाकली, जी द्यायचा हक्क खरं तर चिंगीचा होता. माझं म्हणणं असं, की समोर कोणी घाबरलेलं दिसलं तर "थांबा, मी हिला बाजूला घेते" एवढंच म्हणावं आणि खरोखर घ्यावं. आणि मुलांना घरी शिकवावं की कुत्र्याला हात लावण्याआधी त्याच्या माणसाला विचारायचं. तो हो म्हणाला तरी आपण जागेवर उभं राहायचं, हात आपल्या अंगाशी ठेवायचा आणि कुत्र्याला येऊ द्यायचं. तो आला नाही तर ते त्याचं "नाही". ते ऐकायचं.

तुम्हाला काय वाटतं?

जिन्याने जाणारा

पहिला अर्धा भाग पटला. दुसरा अजिबात नाही.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना घोडबंदर रोडला नातेवाइकांच्या सोसायटीत त्याला पाळीव कुत्रा चावला. भटका नाही, पाळीव. बंगल्याचं फाटक उघडं होतं. पोटरीवर खोल जखम. आम्ही घाबरून आधी हळद दाबली, ती आमची चूक. रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं की आधी साबण लावून वाहत्या नळाखाली 15 मिनिटं धुवायला हवं होतं. मग जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, टोचलं. त्या खोलीतलं त्याचं रडणं मी विसरणार नाही. नंतर लस: पहिल्या दिवशी, मग 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. प्रत्येक वेळी तो रिक्षात बसतानाच विचारायचा, "आजपण सुई?"

मालक काय म्हणाले माहितीये? "आजपर्यंत असं कधी केलं नाही हो त्याने."

आता तुम्ही म्हणता मुलाने शिकावं. का? कुत्रा पाळायचं तुम्ही ठरवलंत, माझ्या मुलाने नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जबाबदारी कोणावर टाकली आहे ते स्पष्ट आहे. पाच वर्षांच्या पोरावर नाही.

लॅबवाले काका

मी कळव्यात वाढलो. दारात कुत्री असायची, आई रात्री उरलेली भाकरी टाकायची, आम्ही पोरं त्यांच्याच अंगाला टेकून गोट्या खेळायचो. कोणी कुठला नियम शिकवला नव्हता.

आज मुलं घाबरतात कारण आपण घाबरवतो. "जेवला नाहीस तर भू-भूला बोलावीन" हे कोण म्हणतं? घरातलीच माणसं. दोन वर्षांचं मूल कुत्र्याकडे हसत बघत असतं आणि आई किंचाळून त्याला उचलून घेते. भीती तिथे पेरली जाते. मग सगळा दोष कुत्रेवाल्यांवर.

माझ्या लॅब्राडोरला 12 वर्षं झाली आहेत, मागचे पाय अधू आहेत, आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. सकाळी शाळेच्या वेळेला "बाजूला घेतो, तुम्ही जा" असं म्हणत राहिलो तर मला खाली उतरायला अर्धा तास लागेल, आणि त्याला तेवढं थांबता येत नाही. पशू कल्याण मंडळाचं 2015 चं पत्रक आहे: पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही, तोंडाला जाळी लावायची सक्तीही सोसायटी करू शकत नाही.

जिन्याने जाणारा

काका, तुमच्या कळव्याच्या आठवणीबद्दल आदर आहे. पण तेव्हा किती मुलांना कुत्रं चावलं आणि घरी हळद लावून विषय संपला, हे कोणी मोजलं नव्हतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. "आम्हाला काही झालं नाही" हा त्यावर पुरावा होत नाही.

आणि माझ्या मुलाला मी कधीही भू-भूची भीती दाखवली नव्हती. त्याला ती चावल्यानंतर बसली.

पट्टा आणि पोर

मी नेरूळला कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवते. गेली काही वर्षं वाशी-सीवूड्सपासून कोपरखैरण्यापर्यंत घरोघरी जाते. दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर आहेत असं म्हणून सुटणार नाही. मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे.

"जिन्याने जाणारा" यांना: जबाबदारी मोठ्यांची, यात वादच नाही. पण मुलाला शिकवणं म्हणजे दोष त्याच्यावर टाकणं नव्हे. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ असं आपण शिकवतो, त्यातून बेफाम गाडी चालवणारा निर्दोष ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्या लोकांत साधारण 40 टक्के 15 वर्षांखालची मुलं असतात. मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, आवाज चिरका असतो, ते अचानक धावतं. आणि ओरडा बसेल म्हणून ओरखडा लपवतं. त्यामुळे मी शिकवताना सगळ्यात आधी हेच सांगते: कुत्र्याचा दात किंवा नख लागलं, अगदी थोडंसं, तरी घरी येऊन सांगायचं. कोणी रागावणार नाही. आईवडिलांकडून मी त्यांच्या मुलांसमोर तसं वचन घेते.

"उपवनकाठ", चिंगीने तुम्हाला चार वेळा सांगितलं होतं. तोंड फिरवणं, जांभई, ओठ चाटणं, गुरगुरणं. याच क्रमाने. मिठी हा आपला, माणसांचा प्रकार आहे. बऱ्याच कुत्र्यांना गळ्याभोवती हात पडले की अडकल्यासारखं वाटतं. कृपा करून गुरगुरल्याबद्दल तिला रागावू नका. गुरगुरणं हा इशारा आहे. तो मार देऊन बंद केला तर पुढच्या वेळी कुत्रं इशारा न देता थेट दात लावतं. "अचानक चावला हो" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत विचारपूस केली की हेच निघतं.

शेपटीबद्दलही एक. हलणारी शेपटी म्हणजे खूश, असं पुस्तकात वाचून मुलं जवळ जातात. अंग सैल असेल, कमरेपासून सगळं हलत असेल तर ठीक. शेपटी उंच, ताठ आणि टोकच थरथरत असेल तर लांब राहायचं. डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसायला लागला तरी तेच.

कुत्रा स्वतःहून आला तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला खाजवायचं, डोक्यावरून हात न्यायचा नाही. तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तो परत सरकला तर आणखी. नाही सरकला तर झालं, पुरे. चार वर्षांची मुलंही हे फार छान करतात, मोठी माणसं मात्र हात काढतच नाहीत. आणि अनोळखी कुत्रं अंगावर धावून आलं तर झाड व्हायचं: पाय जुळवलेले, हात अंगाशी, नजर जमिनीवर, आवाज नाही. पळालं की ते पाठलाग करतं.

दुपारची डिलिव्हरी

मी कुत्रा पाळत नाही, मला मूलही नाही. मी कासारवडवली, मानपाडा भागात पार्सल पोचवतो. इथे सगळे मुलांबद्दल बोलतायत. अनोळखी माणसाबद्दल बोलू का?

बेल वाजवली की आतून भुंकण्याचा आवाज येतो. दार उघडतं, कुत्रा माझ्या पायापर्यंत येतो, आणि ताई किंवा दादा आतून म्हणतात, "घाबरू नका, काही करत नाही तो." माझ्या एका हातात खोका, दुसऱ्या हातात फोन, ओटीपी विचारायचा असतो. मी घाबरू नये असं मला सांगितलं जातं, कुत्र्याला कोणी काही सांगत नाही. मी काही बोललो तर तक्रार जाईल म्हणून मी गप्प राहतो. मागच्या पावसाळ्यात एकाने पँट फाडली, मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या रेनकोटला घाबरला तो."

असेल. खरंच घाबरला असेल. मग दार उघडण्याआधी त्याला आतल्या खोलीत ठेवा ना. दोन मिनिटं लागतात. मी थांबतो. मला थांबायला काही वाटत नाही.

उपवनकाठ

दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. आमच्या दारावरही मी हेच करत आले आहे. आजपासून बेल वाजली की चिंगी आधी बेडरूममध्ये जाईल, मग दार उघडेल.

पट्टा आणि पोर

रेनकोट, हेल्मेट, छत्री, पाठीवरची मोठी बॅग, काठी टेकत चालणारी माणसं: पिल्लाने हे सगळं साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात शांतपणे बघितलेलं असलं तर पुढे फार सोपं जातं. लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी जमिनीवर सोडायचं नसेल तर कडेवर घेऊन गेटपाशी उभं राहा, रोज दहा मिनिटं. वॉचमन, दूधवाला, शाळेची बस. लोकांनी हात लावायची गरज नाही. नुसतं बघू दे. मोठ्या कुत्र्यालाही शिकवता येतं, वेळ जास्त लागतो एवढंच. पण शिकेपर्यंत दार बंद, हे दादा म्हणतात तेच बरोबर.

रात्रीचा डबा

मी आमच्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना खायला घालते. सगळी नसबंदी आणि लस झालेली आहेत. पाळीव कुत्र्यांच्या गप्पा चालल्यात, पण मुलांचा जास्त संबंध रस्त्यावरच्या कुत्र्यांशी येतो. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाणं कुठे घालायचं ते दिलं आहे: मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, ये-जा करायच्या दारांपासून लांब. हे आम्ही पाळायलाच हवं आणि सगळे फीडर पाळत नाहीत, हे मला मान्य आहे. मुलांनी मात्र खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं घेऊन बसलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही, एवढं घरच्यांनी सांगावं.

जिन्याने जाणारा

नियम झाले, आदेश झाले. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून परत तिथे सोडू नयेत असं सांगितलं. मला ते योग्य वाटतं.

रात्रीचा डबा

मला त्यात बरंच अयोग्य वाटतं. ओळखीची, लस झालेली कुत्री गेली की मोकळ्या जागेत नवी, लस नसलेली येतात. पण तो वेगळा धागा होईल. इथे वाढवत नाही.

लॅबवाले काका

डिलिव्हरीवाल्या मुलाचं वाचून मी काल रात्री गप्प बसलो. आमच्याही दारात हेच होतं.

पण लिफ्टचा प्रश्न राहिलाच. "जिन्याने जाणारा", तुम्ही मला सांगा. सकाळी 7 वाजता माझं म्हातारं कुत्रं आणि तुमचा मुलगा एकाच वेळी लिफ्टपाशी आले, तर कोणी थांबायचं?

जिन्याने जाणारा

तुम्ही. कारण माझा मुलगा तुमच्या कुत्र्याबरोबर त्या चार भिंतींत उभा राहूच शकत नाही. तुमचा कुत्रा माझ्या मुलाबरोबर राहू शकतो.

पण तुमच्या कुत्र्याचे पाय अधू आहेत हे आधी माहीत असतं तर मी म्हणालो असतो, काका तुम्ही जा, आम्ही पुढच्या वेळी. आपण एकमेकांना विचारतच नाही. आमच्याकडे दोन लिफ्ट आहेत. शाळेच्या अर्ध्या तासात एक कुत्रेवाल्यांची, एक बाकीच्यांची, असा कागद लावला तरी चालेल. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते मांडणार आहे.

लॅबवाले काका

आमच्याकडे तीन आहेत. मीही मांडतो. "कुत्र्यांची लिफ्ट" असं मात्र लिहू नका, लोक ती घाण लिफ्ट समजायला लागतील. नुसती वेळ लिहा.

उपवनकाठ

आजींना काल भेटले. माफी मागितली. नातीला सांगितलं की चिंगी रागावली नव्हती, तिला "सोड" म्हणायचं होतं आणि मला ते कळलं नाही. ती विचारात पडली. मग म्हणाली, "मलापण पापी घेतलेली नाही आवडत."

रविवारी सकाळी आठला उपवन तलावाच्या कट्ट्यावर मी चिंगीला घेऊन बसणार आहे, आखूड पट्ट्यावर. आजी आणि नात लांबून बघणार आहेत. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. आणखी कोणाला मुलांना घेऊन यायचं असेल तर या. (येऊरच्या चढाकडे जाणार नाही आहोत. तिकडे बिबट्याचं जंगल आहे, कुत्रं घेऊन फिरायची ती जागा नाही.)

जिन्याने जाणारा

मुलाला विचारलं. तो आता आठ वर्षांचा आहे. म्हणतो, रस्त्याच्या पलीकडून बघेन. अलीकडे येणार नाही. तुम्ही त्याला बोलवायचं नाही, "ये ना, काही करत नाही" असं कोणी म्हणायचं नाही. चालेल?

उपवनकाठ

चालेल. पलीकडे चहाच्या टपरीजवळ सावली असते, तिथे उभे राहा. मी चिंगीची पाठ त्याच्याकडे करून बसेन.