‘द गिव्हर’ वाचून अजून कोणाची झोप उडालीये?

रानजाई: लेकाला शाळेत लोइस लॉरीची ‘द गिव्हर’ ही कादंबरी लागलीये (आम्ही न्यू जर्सीत). काल तणतणत आला, "त्या गावातल्या लोकांना रंगच दिसत नाहीत हे आधी का नाही सांगितलं?" ते सफरचंद हवेत क्षणभर बदलतं ना, तिथे मीही अशीच चिडले होते. भांडण नाही, भूक नाही, थंडी नाही, आणि त्यापायी सगळ्यांच्या आठवणी एका म्हाताऱ्याच्या डोक्यात कोंबलेल्या. तुमचे अनुभव लिहा. असली इतर पुस्तकंही चालतील.

गवती_चहा: जुळ्यांचं पान. बस.

खारीक: +१. नायक जोनसचा बाप लाडे लाडे बोलत जुळ्यांचं वजन करतो, हलकं भरलेलं बाळ बाजूला काढतो आणि कपाळाच्या शिरेत जीव घेणारी सुई. मी नवजात विभागात नर्स आहे. हाताची शीर नाही मिळाली की आम्हीही डोक्यालाच सलाइन लावतो आणि अस्संच बोबडं बोलतो. तो माणूस दुष्ट नाहीये हो, ड्यूटी करतोय. पुढे वाचवेना. आले, कुकर झाला.

बंडू_पुणेकर: बाराव्या वर्षी समितीच नोकरी ठरवणार! सीईटी नाही, क्लासची फी नाही. फॉर्म कुठे मिळेल?

गवती_चहा: @बंडू आमच्याकडे होती की समिती. आत्या आणि मोठे काका.

रानजाई: 😂 लग्नंही तीच जुळवते त्यात. मुलं दोनच, एक मुलगा एक मुलगी, तीही अर्ज करून.

तिरफळ: लेकीने विचारलं, वयात आल्यावर ते रोज सकाळी घेतात त्या गोळ्या कशाच्या गं? मी भाजी ढवळत राहिले. बाबांना विचार म्हटलं. बाबा गाडी धुवायला गेले.

जुनापुराणा: अर्सुला ले ग्विनची ओमेलासची कथा वाचा, १९७३ची. अख्खं शहर सुखी, त्या बदल्यात तळघरात एक मूल हाल सोसतंय. फरक असा की तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. लॉरीच्या गावात बिचाऱ्यांना कळतच नाही काय गमावलंय. मला ओमेलासवाले जास्त भयंकर वाटतात. काही जण शहर सोडून जातात म्हणे, पण मूल तिथेच ना!

खारीक: सोडून जाणाऱ्यांचं कौतुक मलाही कधी कळलं नाही. जोनस निदान त्या छोट्या गॅब्रिएलला सायकलवर घेऊन तरी निघतो.

मोगरा२२: भाचीने ‘अग्लीज’ वाचलं. सोळाव्या वर्षी सगळ्यांना ऑपरेशन करून सुंदर करतात, वर मेंदूतही गडबड करून ठेवतात. भाची म्हणे, मेंदूचं बघू नंतर.

बंडू_पुणेकर: भाची प्रॅक्टिकल आहे.

तिरफळ: ‘गिव्हर’चा २०१४चा सिनेमा पाहू नका. सुरुवातच ब्लॅक अँड व्हाइट! मग सफरचंदाची गंमत काय उरली?

मोगरा२२: शेवटी जोनस आणि गॅब्रिएल जगतात का?

जुनापुराणा: पुढचे भाग वाचा, चार आहेत एकूण. शेवटचा ‘सन’ (Son, म्हणजे मुलगा), २०१२चा.

मोगरा२२: काका, हो की नाही एवढंच सांगा ना, बस आली माझी.

रानजाई: सांगू नका हं कोणी! लेक अजून अर्ध्यावर आहे आणि माझा फोन त्याच्याच हातात असतो.

गवती_चहा: ठाण्यात कोणाकडे ‘सन’ आहे का? वाचून परत देईन. कव्हर घालून.