ऑक्टोबर अखेरीस व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट: कपडे आणि रंग कसे निवडावेत?

सोनटक्का

नमस्कार. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, यजमान आणि माझ्या सासूबाई असे तिघे व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट पाहायला निघत आहोत. सहल आमची आम्हीच आखली आहे, शहरांमधला प्रवास रेल्वेने आहे आणि बॅगा स्वतःच उचलायच्या आहेत. त्यामुळे प्रत्येकी एक मध्यम बॅग, त्याहून अधिक नाही, असे ठरवले आहे. आम्ही पुण्याचे, तेव्हा घरात जे गरम कपडे आहेत ते महाबळेश्वरपुरतेच आहेत.

माझा मुख्य प्रश्न रंगांचा आहे. मुलगी म्हणते की सगळे काळे आणि राखाडी घ्या, म्हणजे काहीही कशावरही घालता येईल. तिचे म्हणणे पटते, पण तसे केले तर फोटोंत आम्ही तिघे दुखवट्याला निघाल्यासारखे दिसू, अशी धास्ती वाटते. शिवाय सासूबाई सत्तरीच्या असून आयुष्यभर पाचवारी साडी नेसत आल्या आहेत. त्यांना तिकडे ड्रेस घालण्याचा आग्रह करावा असे मला वाटत नाही, परंतु थंडीत साडीचे कसे निभावते याची कल्पना नाही. व्हिएन्नात एका संध्याकाळी ऑपेराला जाण्याचाही विचार आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

डॅन्यूबकाठ

मी बरीच वर्षे व्हिएन्नात राहतो, म्हणून आधी हवेबद्दल सांगतो. त्या आठवड्यात येथे दुपारी साधारण १२ ते १५ अंश आणि सकाळी ५ ते ७ अंश तापमान असते. प्राग त्याहून किंचित थंड असते. आकडे पाहून भिण्याचे कारण नाही, मात्र व्हिएन्नाचा वारा आणि भुरभुर पाऊस हे दोन्ही हिशेबात धरावे लागतात. याउलट संग्रहालये, कॅफे आणि आगगाड्या आतून चांगल्या उबदार असतात. त्यामुळे जाडजूड थर्मल घालून बाहेर पडलेला माणूस संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात घामाघूम होतो आणि थर्मल तर चारचौघांत काढता येत नाही. एकच जाड कपडा घेण्याऐवजी पातळ लोकरी बनियन, त्यावर शर्ट किंवा कुर्ता, त्यावर समोरून उघडणारा स्वेटर आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारा टोपीचा कोट, अशी चळत घ्यावी. छत्रीपेक्षा कोटाची टोपी बरी, कारण या वाऱ्यात छत्री उलटी होते.

आता रंगांविषयी. दिवसभर बाहेर हिंडताना दिसतो तो फक्त कोट. आत कोणता कुर्ता आहे हे फोटोत कधीच कळत नाही. म्हणून पाच रंगांचे पाच कुर्ते भरून जागा अडवण्यात अर्थ नाही. कोटाचा रंग आधी ठरवावा आणि बाकीचे कपडे त्याला धरून घ्यावेत. काळा टाळून गडद निळा, आमसुली किंवा बाटलीचा हिरवा घेतला तर मळही लपतो आणि माणूसही उठून दिसतो. शॉनब्रुन राजवाड्याच्या भिंती पिवळ्या आहेत आणि त्या दिवसांत तिथल्या बागेतली झाडेही पिवळी-तपकिरी झालेली असतात, त्यामुळे मोहरी किंवा बदामी रंगाचा कोट तिथे पार मिसळून जातो. चेहऱ्याजवळचा रंग मफलर आणि शाली बदलून पालटता येतो, आणि तीन मफलर एका स्वेटरएवढीही जागा घेत नाहीत.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येथे घड्याळे एक तास मागे घेतली जातात. त्यानंतर पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे संध्याकाळचे सगळे फोटो दिव्यांच्या उजेडात निघणार. तेव्हा गडद कोटावर मोतिया किंवा फिकट गुलाबी शाल असली तर चेहरा उजळ दिसतो.

राहिलेले कपडे इथेच घेऊ, असे मनात असेल तर सुट्ट्या पाहून घ्या. ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात, २६ ऑक्टोबरला राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते आणि २८ ऑक्टोबरला चेक देशात मोठी दुकाने कायद्याने बंद असतात.

काठपदर

साडीची काळजी करू नये, फक्त साड्या विचारपूर्वक निवडाव्यात. सुती साडीतून वारा आरपार जातो आणि भिजली तर ती लवकर वाळत नाही. जॉर्जेट किंवा इतर कृत्रिम धाग्याच्या साड्या वाळतात लवकर, पण हीटरच्या कोरड्या हवेत त्यांत स्थिर वीज साठते, निऱ्या पायांना चिकटतात आणि चालणे अवघड होते. अशा हवेत रेशीम किंवा रेशीममिश्रित साडी सर्वांत चांगली. इरकल किंवा नारायणपेठ यांपैकी गडद काठांच्या दोन आणि बाहेरच्या खास प्रसंगासाठी एक, एवढ्या पुरतात. काठ गडद असावेत असे मुद्दाम सांगते, कारण ओल्या फरसबंदीवरचे शिंतोडे सर्वप्रथम काठावर येतात.

परकराच्या आत लोकरी लेगिंग घालावे. ब्लाउजच्या जागी बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा पातळ लोकरी स्वेटर चालतो आणि तो साडीच्या रंगाशी जुळणारा असला तर वेगळा असा वाटतही नाही. साडी रोजच्यापेक्षा दोन बोटे वर नेसावी. कोट गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा आणि घेरदार असावा. पदर आत घेऊन कोट बंद केला की तो वाऱ्यावर उडत नाही.

एका ठिकाणी मात्र खरोखर जपावे लागते, ते म्हणजे प्राग मेट्रोचे सरकते जिने. ते लांब आहेत आणि आपल्या मॉलमधल्या जिन्यांपेक्षा बरेच जलद चालतात. नामेस्ती मीरू स्थानकाचा जिना तर सुमारे ८७ मीटर लांब आहे. चढण्यापूर्वी निऱ्या एका हाताने उचलून धराव्यात, दुसरा हात कठड्यावर असावा आणि उतरताना काठ जिन्याच्या टोकाच्या दातऱ्यांपासून दूर ठेवावा. लिफ्ट आहे असे स्थानक जवळ असेल तर सरळ तिथूनच जावे.

जुना गिरगावकर

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण रंगांबाबत माझे मत जरा निराळे आहे. कोट पाहून बाकीचे कपडे ठरवा हे मान्य. तरीही माणूस जेवतो, गाडीत बसतो, कॅफेत तासभर कॉफी पितो, तेव्हा कोट खुंटीवर असतो. निदान एक स्वेटर तरी ज्याच्या त्याच्या आवडीच्या रंगाचा असू द्यावा, मग तो राणी रंगाचा का असेना. परदेशात आपण परके दिसू नये म्हणून राखाडी घालण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला कधीच पटला नाही. नकाशा हातात धरून चौकात उभा राहिलेला माणूस कोणत्याही रंगात पाहुणाच दिसतो.

यजमानांसाठी एवढेच सुचवतो की जीन्स एकच न्यावी आणि तीही प्रवासात अंगावर घालावी, कारण ती जड असते आणि धुतली तर एका रात्रीत वाळत नाही. दुसरी पँट पातळ व लवकर वाळणाऱ्या कापडाची असावी. बूट रबरी तळाचे आणि आधीच पायात मुरलेले हवेत. प्रागच्या पदपथांवर लहान चौकोनी दगडांची नक्षी असते आणि पाऊस पडला की ती निसरडी होते. सासूबाईंनाही सॅंडलऐवजी गडद रंगाचे साधे बंद बूटच द्यावेत.

बुडापेस्टला १९१३ मध्ये सुरू झालेल्या सेचेनी स्नानगृहात जाणार असाल, तर पोहण्याचा पोशाख, टॉवेल आणि रबरी चपला आठवणीने घ्या. थंडीत बाहेरच्या वाफाळत्या कुंडात बसण्याची गंमत औरच असते. तिथल्या दोहान्यी रस्त्यावरच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये खांदे झाकलेले असावे लागतात आणि पुरुषांना डोके झाकावे लागते.

सोनटक्का

तिघांचेही आभार. माझ्यासाठी आमसुली आणि यजमानांसाठी गडद निळा कोट असे ठरवते आहे. सासूबाईंनी स्वतःहून मोरपंखी काठाची इरकल बाजूला काढून ठेवली आहे. ऑपेराचे तेवढे राहिले. आम्ही उभे राहण्याची तिकिटे घेण्याच्या विचारात आहोत. त्यासाठी यजमानांना सूट न्यावा लागेल का?

डॅन्यूबकाठ

सूट नको. गडद पँट, इस्त्रीचा शर्ट आणि नीटनेटका स्वेटर असला की पुरे. अर्धी चड्डी किंवा बिनबाह्यांचा टीशर्ट मात्र चालत नाही. सासूबाईंची रेशमी साडी तर तिथल्या अनेकांच्या पोशाखापेक्षा देखणी दिसेल, मात्र त्यांच्यासाठी बसण्याचे तिकीट काढा, कारण तीन तास उभे राहणे या वयात सोपे नाही. कोट आत न नेता बाहेर कपडे सांभाळणाऱ्या खिडकीवर ठेवायचे असतात, तेव्हा आतले कपडे त्या दिवशी विचार करून घालावेत. तुम्ही दोघांनी मफलर मात्र कोटाबरोबर देऊ नका. उभ्याच्या जागी आपल्यासमोरच्या कठड्याला मफलर बांधला की ती जागा आपली, असा इथला जुना रिवाज आहे आणि तो सगळे पाळतात. मफलर भडक रंगाचा असला तर मध्यंतरातून परतताना आपली जागा पटकन सापडते.