मुक्तेश्वरचं काटेरी, आतून पिवळं झुडूप: हीच का दारुहळद?

बांधावरचा: मे महिन्यात कुमाऊंत मुक्तेश्वरला गेलो होतो. शेतांच्या बांधांवर माणसापेक्षा उंच काटेरी झुडपं होती. निळी-जांभळी फळं, त्यांवर पांढुरका थर. पोरं ओंजळी भरभरून खात होती. फांदी मोडली तर आत पिवळीधमक. तिथे किलमोडा म्हणतात. हीच दारुहळद का? नाशिकजवळच्या शेताला कुंपण म्हणून लावली तर? आणि हिच्यामुळे गव्हावर तांबेरा रोग येतो हे खरं का?

देवदार: मी तिकडे रोपवाटिकेत काम केलंय, त्यामुळे या झुडपावर जीव आहे. पान उलटून पाहिलंत का? खालून पांढुरकं असेल तर बर्बेरिस एशियाटिका. आयुर्वेदातली दारुहळद म्हणजे मुख्यतः बर्बेरिस अ‍ॅरिस्टाटा. तीही हिमालयातलीच, पण साधारण आणखी उंचावरची. पिवळा रंग दोघींतही बर्बेरिन या द्रव्याचा.

तिचा काटा म्हणजे रूपांतरित पान, बहुधा तीन टोकांचं. खरी पानं त्याच्या बगलेतून झुबक्याने येतात. फुलांत सहा पुंकेसर असतात. मध प्यायला आलेल्या माशीचा पाय तळाशी लागला की पुंकेसर झटकन आत वळतो आणि पराग तिच्या अंगावर फासतो. गवताच्या काडीनेही हे करून बघता येतं. तासन् तास बघत बसावं असं आहे ते!

फळं बुलबुल खातात, बिया लांब नेऊन टाकतात. बकऱ्या कोवळा शेंडा खुडतात, पण झुडपाच्या गाभ्यात तोंड घालत नाहीत. म्हणून तिथे बांजची, म्हणजे तिकडच्या ओकची, रोपं वाचलेली मी पाहिली आहेत. चराईच्या उतारावर असं झुडूप तोडलं की ती रोपंही गेलीच.

नाशिकला आणू नका. तिथला उन्हाळा तिला मानवणार नाही. करवंद लावा. काटे, फळं, पाखरं सगळं मिळेल, आणि ती आपल्या मातीतली आहे.

जुना कृषी सहायक: तांबेऱ्याचं सांगतो. काळ्या तांबेऱ्याची बुरशी युरोप-अमेरिकेत बर्बेरिस व्हल्गारिस या तिकडच्या भावंडावर आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा काढते. अमेरिकेने 1918 पासून ती झुडपं उपटायची मोहीमच चालवली. भारतात आग्र्याच्या के. सी. मेहता या वनस्पतिरोग-शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की आपल्याकडे दरवर्षीच्या रोगात या झुडपांचा वाटा नाही. बुरशी दक्षिणेतल्या निलगिरी-पळणीसारख्या डोंगरांत गव्हावरच उन्हाळा काढते आणि तिथून बीजाणू वाऱ्याने येतात. तेव्हा तांबेऱ्याच्या भीतीने किलमोड्यावर कोयता चालवू नये.

बांधावरचा: दोघांचे आभार. करवंदच लावतो. वैद्यांनी आईला दारुहळद सांगितली आहे, तीही या झुडपाचीच का?

देवदार: हो, बर्बेरिसचीच, पण मुख्यतः अ‍ॅरिस्टाटाची: मूळ आणि खोडाचा खालचा भाग. मुळं उकळून आटवली की रसांजन होतं. पण मूळ खणलं की बहुधा अख्खं झुडूप जातं, आणि रानातून अशी खणणी फार झाली आहे. लागवडीचा माल आहे का, हे दुकानदाराला विचारा. शिवाय दक्षिणेत दारुहळद म्हणून एका वेगळ्याच वेलीचं खोडही विकलं जातं, तेव्हा घेतलेला तुकडा आधी वैद्यांना दाखवा.