गाडी गरम झाली की फ्युएल पंप बंद पडतोय

२००४ ची पेट्रोल गाडी हाय, पन्हाळ्याला चढताना बंद पडली, अर्ध्या तासानं आपोआप चालू. मेकॅनिक थेट पंप बदला म्हणतोय. काय करू?

— थांब भावा! बंद पडल्यावर चावी ऑन कर, टाकीतल्या पंपाचा दोनेक सेकंद घुं आवाज येतोय का ऐक. नसेल तर आधी फ्यूज, मग त्याच नंबरचा दुसरा रिले (पंपाला करंट देणारा छोटा स्विच) लावून बघ.

— मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) पंपाच्या कनेक्टरवर लाव, पण कनेक्टर जोडलेला ठेवूनच, कारण गंजलेली अर्थिंग मोकळ्या वायरवर १२ व्होल्ट दाखवती आणि लोड आला, म्हणजे पंप करंट ओढायला लागला, की १० च्या खाली येती, माझं तसंच झालतं. व्होल्टेज पूर्ण असून पंप गप्प असला तरच बदल.

— आणि रिझर्व्हवर फिरवू नको, पेट्रोलच पंपाला गार ठेवतंय.