व्ही-क्रॉस घेऊन जुनी बैलगाडीची वाट चढायचीय, जमेल का?

एमएच15_पिकअप:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, विचारतोय आज पहिल्यांदा. माझ्याकडे 2017 ची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, 2.5 लिटरवाली मॅन्युअल, गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली. टायर नवीन एटी (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टाकलेत, बाकी गाडी कंपनीतून आली तशीच. आत्तापर्यंत गंगापूर धरणाच्या मागचा चिखल आणि वैतरणेकडचे कच्चे रस्ते, एवढीच माझी कमाई.

तर हरसूलच्या पुढे एका पाड्यापासून वर चढणारी जुनी बैलगाडीची वाट आहे (पाड्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर येत्या रविवारी तिथे पन्नास गाड्या दिसतील). अडीचेक किलोमीटर असेल. पूर्वी खालची नागली-भात याच वाटेने वर बाजाराला यायचं, मग पलीकडून डांबरी झाली आणि ही सुटली ती सुटलीच. पावसाने माती वाहून गेलीय, नुसता खडक उरलाय, मधे तीन मोठ्या पायऱ्या आहेत आणि तिसरी नेमकी वळणावर. माझा मित्र थार घेऊन अर्ध्यातून परत आलाय. माझं म्हणणं, 4एल (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर) टाकून पहिल्या गिअरमधे हळूहळू घेतली तर का नाही जाणार? विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) नाहीये. आत्ता पावसातच जावं का दिवाळीनंतर? घरी अजून सांगितलेलं नाही.

डिझेलकाका:
मित्राची थार अर्ध्यातून परत आली आणि त्याच वाटेने तू सव्वापाच मीटरची गाडी नेणार, वा रे भो.

हे बघ, ताकदीचा प्रश्नच नाहीये, 4एल मधे ती गाडी भिंतीवर पण चढायला बघेल. प्रश्न लांबीचा आहे. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2450 मिमी, जिम्नीचा 2590, आणि तुझा 3095. म्हणजे थारपेक्षा दोन फुटांहून जास्त लांब पोट दोन चाकांच्या मधे लोंबतंय. ग्राउंड क्लिअरन्स (पोटाची जमिनीपासून उंची) दोघांचा जवळपास सारखाच, 225 मिमीच्या आसपास, त्यामुळे जी पायरी थार सहज ओलांडते तिथे तुझी पुढची चाकं पलीकडे उतरली की पोट खडकावर बसणार, सी-सॉसारखं. शिवाय मागे सामानाचा हौद लांब, तो खाली आपटणार तो वेगळाच.

दुसरं म्हणजे तुझ्या गाडीला मागे डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) नाही. तिरप्या खड्ड्यात पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत गेलं की सगळी ताकद त्या हवेतल्या चाकांनाच मिळते, जमिनीवरची दोन चाकं शांत उभी. तेव्हा कितीही रेस दे, फक्त क्लच जळल्याचा वास येईल. नवीन थारला काही व्हेरियंटमधे मागचा लॉक येतो आणि ब्रेक लावून फिरतं चाक धरणारी सिस्टीम पण आहे, तरी तो परत आला. का परत आला ते विचारलंस का त्याला?

पावसात तर नावच काढू नको.

खडकवाला:
पायऱ्या का आहेत ते सांगतो, कारण ते कळलं की वाट वाचता येते. आपला सगळा सह्याद्री म्हणजे डेक्कन ट्रॅप, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थरावर थर साचून झालेला. हा ट्रॅप शब्दच मुळात स्वीडिश भाषेतला, अर्थ जिना. त्र्यंबक, हरसूल, पेठ कुठेही डोंगराकडे लांबून बघ, जिन्यासारखा कापलेला दिसेल. कठीण थर उभा राहतो, मधला भुसभुशीत थर झिजतो. त्यामुळे आपल्याकडच्या वाटांना रॅम्प कमी, पायरी जास्त. पायरीची कड अखंड बेसाल्ट असते, ती तुटत नाही की वाकत नाही, वाकतं ते तुमचं साइडस्टेप, दाराखालचं पाय ठेवायचं. पण पायरीच्या खाली मात्र सुटे गोल दगड साचलेले असतात आणि खरा घोळ तिथे होतो, चाक घसरतं, दगड मागे उडतो.

आणि पावसाळ्यात त्या खडकावर हिरवट काळं शेवाळ धरतं, माणूस चपलेने उभा राहू शकत नाही तिथे टायर काय धरणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरला खुरासणी फुललेली असते तेव्हा खडक सुकलेला मिळेल. तरी झाडाखालचा भाग ओला असतोच, तो पायाने तपासायचा.

पेठरोड:
काकांचं बरोबर आहे पण त्याला एवढं घाबरवू नका, आपण सगळे असेच शिकलोय.

मी माझी चूक सांगतो. जिप्सी होती तेव्हा. पेठच्या बाजूला एका चढावर चाक फिरलं, गाडी बंद पडली, आणि मी सवयीने क्लच दाबला. क्लच दाबला की इंजिनाची पकड गेली, गाडी मागे सुटली. घाबरून स्टिअरिंग फिरवलं, गाडी आडवी झाली आणि उताराच्या कडेला एका ऐनाच्या झाडाला टेकली. ते झाड तिथे होतं म्हणून आज हे लिहितोय. उजव्या दाराची काच फुटली ती बायकोला सांगितली शेळी आदळली म्हणून, अजून तिला खरं माहीत नाही.

तर चढावर गाडी बंद पडली तर ब्रेक घट्ट, हँडब्रेक, गाडी गिअरमधेच. घाई करू नको, एक जण उतरून चाकामागे उटी (अडवायला दगड) लावू दे. मग ब्रेक दाबूनच क्लच, रिव्हर्स टाक, 4एल आहेच, गाडी चालू कर, क्लच पूर्ण सोड आणि इंजिनच्या जोरावर सरळ, एकदम सरळ मागे ये. मधे वळवायचा प्रयत्न अजिबात नाही. मोकळ्या मैदानात चढ शोधून हे दहा वेळा कर, घाटात पहिल्यांदा करू नको.

आणि ती वाट वनखात्याच्या हद्दीतून जाते का ते आधी रेंज ऑफिसला विचार. राखीव वनात विनापरवानगी गाडी घातली तर गुन्हा आहे, गाडी पण जप्त होऊ शकते. पाड्यावरच्या लोकांना पण विचार, त्यांची गुरं त्याच वाटेने जातात.

गोदाकाठ:
विंच नाही म्हणतोस तर दोन गाड्या कंपल्सरी. ताणला जाणारा नायलॉनचा रिकव्हरी रोप आणि 4.75 टनी बो शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) घे, दोन नाही तीन घे, एक हरवतोच. आणि मागच्या टोइंग बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर कधीही लावायचा नाही, तो गोळा तुटला तर तोफेसारखा सुटतो, जगभरात माणसं गेलीत त्याने. चेसिसला बोल्ट केलेला हुक हवा. दोर ताणलेला असताना त्यावर मधोमध जड काहीतरी टाकायचं, गोणपाट, ओलं पोतं, काहीही, म्हणजे तुटला तर खाली पडतो. आणि बघे लोकांना दोराच्या रेषेतून हाकल, मोबाइल काढून सगळ्यात पुढे तेच असतात.

हवा 18 पीएसआय ठेव, कंप्रेसर सोबत घे. 15 च्या खाली गेलास तर टायर रिमवरून निघायची भीती.

एमएच15_पिकअप:
सगळ्यांचे आभार, काकांचे थोडे कमी 😄

मित्राला विचारलं का परत आलास, म्हणे तिसऱ्या पायरीला भीती वाटली, बस. बरं केलं.

रेंज ऑफिसला जाऊन आलो, ती वाट वनहद्दीच्या बाहेरून जाते असं त्यांनी नकाशावर दाखवलं. वरचा शेवटचा टप्पा हद्दीला लागून आहे तिथे वाट सोडायची नाही एवढं बजावलं. आणि काल पायी जाऊन आलो. हा सल्ला कोणीच थेट दिला नव्हता पण तुम्ही एवढे आकडे टाकलेत की जावंच लागलं. मामाच्या द्राक्षबागेतला दहा फुटी बांबू घेतला, म्हणजे जवळपास माझा व्हीलबेस, दोन्ही टोकांना 22 सेंटीमीटरच्या काठ्या उभ्या बांधल्या, टेबलासारखं. ते पायरीवर ठेवायचं, काठ्या जिथे टेकतात तिथे चाकं, आणि मधे बांबू खडकाला लागला की पोट लागलं. पहिल्या पायरीला चार बोटं जागा राहिली. दुसरीला घासला. तिसरीला बांबू चक्क मधोमध बसला आणि दोन्ही काठ्या हवेत.

खाली पाड्यावर एक आजोबा बसले होते, त्यांना मी आधी जमीन मोजायला आलेला माणूस वाटलो. कळल्यावर हसायलाच लागले. पण मग काठी घेऊन स्वतः आले आणि दाखवलं की बैलगाडीवाले पायरीखाली डाव्या बाजूला दगड रचायचे, अजून त्यातले काही तिथेच आहेत, गवताखाली. म्हणाले गाडी वर न्यायची असली की आधी तासभर दगड, मग बैल.

डिझेलकाका:
बांबूची आयडिया चोरली बरं का. पण दोन-तीन सेंटीमीटर कमी धर, गाडी खाली आदळते तेव्हा स्प्रिंग दबतात. आणि ते टेबल फक्त पोटाचं सांगतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा आहे तो सगळ्यात खाली, त्यामुळे मोठा दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचा नाही, चाकच दगडावर चढवायचं. नवीन माणूस नेमका उलटं करतो.

मागे हौद रिकामा असेल तर पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) कडक, मागचं चाक उड्या मारतं. वाळूची चार पोती अ‍ॅक्सलच्या वर बांधून टाक.

पेठरोड:
वाळूबद्दल मी सहमत नाही काका, तिरक्या जागी तेच वजन खाली ओढतं. दोन पोती बास.

एमएच15_पिकअप:
जाऊन आलो. नोव्हेंबरचा शेवट, खडक कोरडा, खुरासणी पिवळीधमक. दोन गाड्या, मी आणि थारवाला मित्र मागे, एकूण पाच जण. हवा 18. पोती दोन (पेठरोडचं ऐकलं, काका माफ करा).

पहिली पायरी गेली, कळली पण नाही. दुसरीला आजोबांच्या जागी दगड रचले, पाऊण तास गेला त्यात, आणि तरी मागचं चाक सुट्या दगडावर फिरलं तेव्हा गाडी इंचभर डावीकडे सरकली आणि उजवं साइडस्टेप वाकलं. आवाज असा आला की पत्र्याचं कपाट पाडलं कोणी. पण गेली वर.

तिसरीपाशी बांबू परत ठेवला, दगड रचून पाहिले, दोन वेळा. वळणामुळे पुढचं चाक दगडांवर आलं की मागचं कडेला जात होतं आणि कडेच्या खाली वीसेक फूट मोकळं. चौघं म्हणत होते ट्राय कर. मी दहा मिनिटं बघत बसलो आणि रिव्हर्स टाकली. आधी थार मागे, मग मी. खाली येताना एक जण हातवारे करत मागे चालत होता, साडेतीनशे मीटरला चाळीस मिनिटं लागली, दगड रचायचा वेळ सोडला तर चढायला त्याच्या अर्धी पण नव्हती लागली. दुसऱ्या पायरीच्या खाली मागचं चाक घळीत उतरलं तेव्हा दोर लावावा लागला. पोतं नव्हतं (वाळूचं सोडून), मग आजोबांनी त्यांच्या अंगणातलं गोणपाट दिलं ते दोरावर टाकलं, थारने एका ओढीत काढली.

गडबडीत ते गोणपाट माझ्याच हौदात राहिलं. वर आता डिझेल सांडून खराब झालंय. रविवारी नवीन दोन घेऊन चाललोय द्यायला, डांबरीने. कोणाला यायचं असेल तर सकाळी सात, पेठ नाका.

डिझेलकाका:
मी येतो. आजोबांना विचारायचंय तिसऱ्या पायरीला कुठल्या बाजूने दगड लावायचे.