घन इलेक्ट्रोलाइट द्रवाइतकाच वाहक असेल, तर घनस्थिती बॅटरी अडते कुठे?

जिज्ञासू:
घनस्थिती विद्युतघटांविषयी वाचताना एका आकड्यापाशी मी अडलो आहे. लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांपासून बनलेल्या ज्या घन इलेक्ट्रोलाइटची (म्हणजे घटाच्या दोन टोकांदरम्यान आयन वाहून नेणाऱ्या पदार्थाची) माहिती २०११ साली जपानी संशोधक कान्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, त्याची वाहकता सामान्य तापमानाला सेंटिमीटरमागे १२ मिलिसीमेन्स, म्हणजे लिथियम-आयन बॅटरीतील द्रवाच्या तोडीची आहे. घन पदार्थातून आयन इतक्या सहज धावत असतील, तर या बॅटऱ्या अजून सर्रास का दिसत नाहीत? शिवाय, सिरॅमिकचा पातळ थर वापरणाऱ्या इंधन घटालाही ‘घन’ म्हणतात. तो याच जातकुळीचा मानावा का?

खलबत्ता:
आकडा बरोबर आहे. किंबहुना तो घन पदार्थावर थोडा अन्यायच करतो. द्रवात लिथियमच्या आयनांबरोबर ऋण आयनही सरकत असल्यामुळे एकूण प्रवाहात लिथियमचा वाटा बहुधा निम्म्याहून कमी असतो, तर अशा घन इलेक्ट्रोलाइटमध्ये जवळजवळ सगळा प्रवाह लिथियमच वाहून नेतो. अडचण पदार्थाच्या पोटात नाही, त्याच्या कडेला आहे.

एक हिशेब करून पाहा. इलेक्ट्रोलाइटची वाहकता सेंटिमीटरमागे १ मिलिसीमेन्स आणि थराची जाडी ०.१ मिलिमीटर धरली, तर एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राचा रोध १० ओहम येतो आणि ५ मिलिअँपिअर प्रवाहाला त्यात केवळ ०.०५ व्होल्ट खर्च होतात. आता लिथियम आणि सिरॅमिक यांचा सांधा नीट बसलेला नसून त्याचा रोध ३०० ओहम आहे असे समजा. तेवढ्याच प्रवाहाला त्या सांध्यातच १.५ व्होल्ट जिरतील. द्रव प्रत्येक फटीत आपसूक शिरतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रश्न इतका टोकाला जात नाही.

गार्नेट प्रकारचे ऑक्साइड हे असेच एक सिरॅमिक घन इलेक्ट्रोलाइट; त्याच्या चकत्या घासण्यात माझे बरेच दिवस गेले आहेत. चकती हवेत राहिली की तिच्यावर लिथियम कार्बोनेटचा थर चढतो आणि वितळलेले लिथियम त्यावर अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन बसते. तीच चकती आर्गॉनमध्ये कोरडी घासून तापवली, की धातू तिला नीट चिकटतो. गंधकयुक्त इलेक्ट्रोलाइट मऊ असल्यामुळे नुसते दाबूनही बसतात, पण आर्द्रता लागली की त्यांतून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो.

कणसीमा:
वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. सिरॅमिक कठीण असल्यामुळे चार्जिंगच्या वेळी वाढणारे लिथियम धातूचे तंतू त्याला भेदू शकणार नाहीत, अशी अपेक्षा एके काळी होती, आणि ती पुरी झाली नाही. लिथियम सुरीने कापता येण्याइतके मऊ असले, तरी चार्जिंगच्या वेळी पृष्ठभागावरील बारीक तड्यात ते साचत गेले, की बाहेर पडायला वाव न मिळाल्याने पाचरीसारखा ताण देते आणि तडा पुढे सरकतो. निकामी झालेली चकती फोडली, तर आरपार गेलेली काळी रेघ कधी कधी नुसत्या डोळ्यांनी दिसते.

जिज्ञासू:
मग घटावर बाहेरून भरपूर दाब देऊन सांधा घट्ट ठेवता येणार नाही का?

खलबत्ता:
काही प्रमाणात येतो, आणि प्रयोगशाळेत तसे सर्रास केले जाते. डिस्चार्जच्या वेळी लिथियम निघून गेल्याने सांध्यात पोकळ्या पडतात, त्या दाबामुळे बुजतात. मात्र दाब फार वाढवला, तर तेच मऊ लिथियम भेगांत घुसते. शिवाय दाब देणाऱ्या पट्ट्या आणि बोल्ट यांचे वजनही बॅटरीच्याच माथी येते.

तप्तघट:
दुसऱ्या प्रश्नाविषयी: तत्त्व एकच, पण प्रवासी वेगळा. घन ऑक्साइड इंधन घटात सहसा इट्रिया (इट्रियमचे ऑक्साइड) मिसळलेला झिर्कोनिया (झिर्कोनियमचे ऑक्साइड) हा इलेक्ट्रोलाइट असतो. चार धनभारांच्या झिर्कोनियमच्या जागी तीन धनभारांचे दोन इट्रियम अणू बसले, की भार जुळवण्यासाठी ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते आणि ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून उड्या मारत जातात. या उड्यांसाठी लागणारी ऊर्जा मोठी असल्याने असे घट साधारण ७०० ते १००० अंश सेल्सिअसला चालवतात. त्यात इंधन बाहेरून येते, म्हणून त्याला बॅटरी म्हणता येत नाही. परंतु तोच घट उलटा चालवून वाफेपासून हायड्रोजन बनवला आणि नंतर वापरला, तर विजेची साठवण होतेच.

कणसीमा:
घनस्थिती बॅटरी अजून आलीच नाही, असे मात्र समजू नये. हृदयाच्या पेसमेकरमध्ये लिथियम-आयोडीन घट १९७२ पासून वापरात आले. त्यात लिथियम आणि आयोडीन जिथे भेटतात तिथे लिथियम आयोडाइडचा थर आपोआप तयार होतो, आणि तोच इलेक्ट्रोलाइट असतो. चीर पडली, तर तीही त्याच अभिक्रियेने भरून येते. वाहकता अगदीच बेताची, थर वापरागणिक जाड होत जाणारा, तरीही मायक्रोअँपिअरच्या कामाला तो वर्षानुवर्षे पुरला. पुन्हा चार्ज होण्याची अट त्याच्यावर नव्हतीच.